हात बसला

१

औषधांच्या दुकानातली सकाळची पाळी संपली की दोआन जेवायला घरी जायची नाही. नदीकाठच्या टपरीवर शिंपल्यांचा भात उभ्याउभ्याच पोटात ढकलायचा आणि सायकल थेट किम लाँग वस्तीच्या बाजूला वळवायची. तिथे सुपारीच्या झाडांमागे तोन मास्तरांचं बैठं घर होतं, आणि घराच्या मागच्या पडवीत त्यांची रोगणचित्रांची शाळा. शाळा म्हणायचं एवढंच, शिकणारी माणसं दोन. एक दोआन, वय चौतीस. दुसरे लुओंग काका, टपाल खात्यातून निवृत्त झालेले. बायको गेल्यापासून घर खायला उठतं म्हणून इथे येऊन बसायचे.

काम तसं साधं आणि चिकाटीचं. लाकडी फळीवर चित्र काढायचं, त्यावर चांदीचा वर्ख, हिंगुळाचा तांबडा रंग, आणि वरून झाडाच्या चिकाचा काळा रोगण. हा रोगण उन्हात वाळत नाही, ओलीत वाळतो. त्यासाठी पडवीच्या टोकाला विटांची एक दमट खोली होती. आत भिंतींवर ओली गोणपाटं टांगलेली, खिडकी नाही, दार एकच. एकेक थर चढवून फळी तिथे ठेवायची. दहाबारा थर झाले की सगळं चित्र काळ्याखाली गडप. मग पाणी ओतत काचपेपरने घासत बसायचं, खसर्र, खसर्र, आणि खालचं चित्र हळूहळू वर येऊ द्यायचं.

चार वर्षं दोआनने एकच चित्र काढलं होतं. मास्तरांचं कमळांचं तळं.

"मास्तर, माझी कमळं बघा," लुओंग काका म्हणाले. "पोस्टाच्या शिक्क्यासारखी उमटलीत."

"शिक्का तरी कधी सरळ मारलास का तू?" मास्तर म्हणाले.

दोआन हसली. मग धीर करून म्हणाली, "मास्तर, मला माझं काहीतरी काढू द्या ना. तुमचं तळं नि माझं तळं शेजारी ठेवलं तर आता तुम्हालाही ओळखू यायचं नाही."

"मग चांगलंच आहे की."

"पण त्यात मी कुठे आहे? माझा हात कधी बसणार?"

मास्तर वर्ख कापत होते. त्यांनी मान वर केली नाही. "बसलाय तुझा हात. माझ्यासारखा बसलाय. तेवढं पुरे."

गावात लोक याच गोष्टीवरून त्यांची टिंगल करायचे. म्हातारा चाळीस वर्षं शिकवतोय आणि चाळीस वर्षांत शिष्यांनी एकाच तळ्यात बुड्या मारल्यात. दोआनला ते ऐकून राग यायचा. त्या दिवशी सायकलवरून घरी जाताना मात्र तिला वाटलं, लोकांचं काही चुकत नाही.

२

त्याच महिन्यात मास्तर डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी पुतण्याकडे दानांग शहरात गेले. दीड महिन्याचा मुक्काम. किल्ल्या लुओंग काकांकडे.

दोआनने दुसऱ्याच दिवशी नवी फळी घेतली. घराजवळच्या घाटाचं चित्र कितीतरी दिवस तिच्या मनात होतं. नदीत उतरणाऱ्या पायऱ्या, दोन होड्या, काठाला सुपारीची सात झाडं. झाडं सरळ, सोट्यासारखी, कारण ती तशीच आहेत. तिने रेघा काढल्या, वर्ख लावला, रंग भरला. रोज एक थर. बाराव्या दिवशी घासायला बसली.

पहिल्यांदा नदी वर आली. मग होड्या. मग झाडं आली, तशी ती थबकली.

सातही झाडं डावीकडे झुकली होती. वाऱ्याने झुकतात तशी नव्हे. डावीकडे कुणीतरी हळू आवाजात बोलतंय आणि ती कान देऊन ऐकतायत, अशी.

आपण सरळ काढली होती, हे तिला पक्कं आठवत होतं. पण आठवणीवर किती भरवसा ठेवायचा? रोगण चढवताना फळी तिरकी धरली असेल. घासताना मनगट एका बाजूला जास्त दाबलं गेलं असेल. आणि खरं सांगायचं तर तिला कारण नकोच होतं. चित्र सुंदर होतं. त्या झुकण्यात असं काही होतं की नजर हलेना. मास्तरांच्या तळ्यात ते कधीच नव्हतं. चार वर्षांत पहिल्यांदा फळीवर जे आलं होतं ते तिचं, एकटीचं होतं.

"काका, इकडे या!"

लुओंग काकांनी चष्मा कपाळावर सारला, बराच वेळ बघितलं. "पोरी," ते म्हणाले, "अगं, हे तर एखाद्या मोठ्या चित्रकाराचं वाटतंय. बसला की गं तुझा हात!"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग काकांनी बोट ठेवलं. "हे पांढरं काय आहे?"

पायऱ्यांच्या पार मागे, झाडांच्या पल्याड, नखाएवढी एक उभी पांढरी चीर होती. दोआनने पाणी ओतून पुसलं. रंग नव्हता. पांढरं करायचं असलं की बदकाच्या अंड्याचं टरफल बारीक फोडून, चिमट्याने कण कण बसवतात. ती चीर तशी होती. एकेक कण नीट बसवलेला.

"टरफल कधी लावलंस?" काकांनी विचारलं.

"जुनी फळी दिलीत का मला? कुणीतरी आधी वापरलेली?"

"छे! मास्तर गेले त्याच दिवशी सुताराकडून आणली. तूच तर चित्राआधीचं कापड चिकटवलंस तिच्यावर."

तेही खरं होतं.

३

पुढच्या दोन फळ्या तिने एकदमच सुरू केल्या. हात आपोआप चालत होता. आधी रेघ काढताना ती विचार करायची, आता विचार करायच्या आत रेघ काढून झालेली असायची. एकीवर बाजार काढला, एकीवर आईची स्वयंपाकाची जागा. घासल्यावर बाजारातल्या छत्र्या डावीकडे कलल्या होत्या. चुलीवरची वाफ डावीकडे. आणि दोन्ही चित्रांत मागे ती पांढरी चीर. बाजारात बोटाएवढी. स्वयंपाकघरात वीतभर, आणि आता ती चीर राहिली नव्हती. ते किलकिलं दार होतं, आणि पलीकडे उजेड.

आईने ते चित्र पाहिलं आणि लगेच पालथं ठेवलं.

"का गं? आवडलं नाही?"

"छान आहे," आई म्हणाली. "पण आपल्या चुलीमागे दार कुठाय?"

"चित्र आहे ते, आई."

"असू दे. पण मला ते जेवताना समोर नको."

दुकानात गोळ्यांच्या पाकिटांवर दोआन 'सकाळ-संध्याकाळ' लिहून द्यायची. एकदा एक म्हातारी पाकीट घेऊन परत आली, "हे वाचता येत नाही गं, बाई." दोआनने बघितलं. अक्षरं सगळी डावीकडे झुकली होती, एकमेकांच्या अंगावर रेलल्यासारखी. तिने ते पुन्हा लिहून दिलं. पुन्हा तशीच आली.

आवाज तिने पहिल्यांदा एका गुरुवारी ऐकला. लुओंग काका पडवीत नव्हते, विहिरीवर भांडी धूत होते. ती घासत होती, खसर्र, खसर्र. हात भरून आला म्हणून थांबली. आवाज तिच्यामागून थांबला. अर्धा हात मारायला लागेल एवढ्या उशिराने.

ती तशीच बसून राहिली. भिंतीवरून घुमला असेल, तिने स्वतःला समजावलं. पडवी लांबट आहे, फरशी ओली आहे. तिने पुन्हा चार हात मारले आणि मधेच, ठरवून, थांबली.

खसर्र.

पाचवा. दमट खोलीतून.

ती उठली आणि दार उघडलं. ओल्या गोणपाटांचा वास, अंधार, मांडणीवर आडव्या ठेवलेल्या फळ्या. कोणी नाही. गोणपाटाचं पाणी खाली टपटपत होतं. पाण्याचाच आवाज असेल, असं ती मोठ्याने म्हणाली. मग दार लावताना तिच्या लक्षात आलं की सर्वांत खालच्या फळीवर, जिच्यावर काल रात्रीच ताजा रोगण चढवला होता आणि जी कुणी घासलीच नव्हती, काळं पाणी साचलेलं होतं. घासल्यावर साचतं तसं.

४

मास्तर परत आले ते हिरवा चष्मा लावून. दोआनने तिन्ही फळ्या पडवीत भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. रागावतील, ओरडतील, याची तिने तयारी ठेवली होती. शहरातल्या वार्षिक प्रदर्शनाचे दोघे परीक्षक येऊन बघून गेले होते, तिचं नाव लिहून घेऊन गेले होते, हे सांगायचीही.

मास्तर ओरडले नाहीत. एका फळीपासून दुसऱ्या फळीपर्यंत गेले. तिसरीपाशी गुडघ्यावर बसले.

"पांढरं कशाचं आहे?"

"टरफलाचं."

"तू लावलंस?"

तिला खोटं बोलता आलं असतं. "नाही," ती म्हणाली.

मास्तर भिंतीचा आधार घेत उठले. "लुओंग, तू आज घरी जा," ते म्हणाले. काका गेल्यावर त्यांनी तिला आतल्या खोलीत नेलं आणि कपाटामागून चादरीत गुंडाळलेल्या दोन फळ्या काढल्या.

पहिलीवर राजवाड्याचा खंदक होता. काठची झाडं डावीकडे झुकलेली, आणि पार मागे, नखाएवढी, पांढरी चीर. कोपऱ्यात मास्तरांची सही होती. सहीसुद्धा झुकलेली.

दुसरीवर ही पडवी होती. त्यात ते पांढरं दार जवळजवळ फळीएवढं मोठं होतं, आणि अर्धं उघडं. कडेने टरफलाचे कण इतके बारीक बसवले होते की कातडीसारखे दिसत होते.

दोआन फळीवर वाकली. तो तिचाच हात होता. कुणी विचारलं असतं तर ही फळी मी केली असं तिने डोळे मिटून सांगितलं असतं.

"ही कुणाची?"

"न्याची. माझ्या धाकट्या बहिणीची." मास्तरांनी चष्मा काढला. त्यांचे डोळे लाल होते. "आधी मला आलं ते. तुझ्याएवढाच होतो. असा खूष झालो की विचारू नकोस. माझी शैली, माझी शैली म्हणून नाचलो. मग आतून घासल्याचा आवाज ऐकला आणि घाबरलो. ब्रश टाकला. महिनाभर हात लावला नाही कशाला. वाटलं, सुटलो."

"मग?"

"मग एक दिवस न्या धावत आली. दादा, बघ, माझा हात बसला."

बाहेर सुपारीचं एक झावळं पडलं. दोघंही दचकली.

"मी तिला काही बोललो नाही," मास्तर म्हणाले. "मला वाटलं, आता माझ्याकडे नाही ना, बास. एका दुपारी ती फळी काढायला दमट खोलीत गेली. मी दारासमोर बसून वर्ख कापत होतो. त्या खोलीला दार एकच आहे, दोआन. मी तिथून हललो नाही."

"आणि त्या?"

मास्तरांनी फळ्या पुन्हा चादरीत गुंडाळल्या. बराच वेळ गाठ मारत बसले.

"म्हणून मी सगळ्यांना तळंच काढायला लावतो," एवढंच ते म्हणाले.

५

दोआनने सोडलं. परीक्षकांना निरोप धाडला की फळ्या तडकल्या. मास्तरांनी शाळा बंद केली आणि अंथरूण धरलं. दोआन दुकानातून सरळ घरी जायला लागली, आईच्या हातचं गरम जेवायला लागली. पहिले काही दिवस हाताला मुंग्या यायच्या. मग पाकिटांवरची अक्षरं सरळ व्हायला लागली, एकेक करत, आजारातून उठणाऱ्या माणसासारखी. तिला रात्रीची झोप लागायला लागली. आपण चित्रकार होणार नाही, याचं दुःख होतं. ते ती गिळायला शिकत होती.

महिन्याभराने लुओंग काका दुकानात आले. खोकल्याचं औषध हवं होतं. तिने पाकीट बांधलं, तर काका जायचं नाव घेईनात. काउंटरवर वाकले. चेहरा असा फुललेला, की इतक्या वर्षांत तिने तो तसा पाहिलाच नव्हता.

"कुणाला सांगू नकोस हं. किल्ली अजून माझ्याकडे आहे. मास्तर झोपले की मागनं जातो दुपारचा."

"कशाला, काका?"

"हिच्या यंदाच्या श्राद्धाला देव्हाऱ्यासमोर ठेवायला एक फळी करतोय. तिला कमळं आवडायची." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "आणि काय सांगू तुला! कमळं काढली होती सरळ, घासल्यावर बघतो तर सगळी एका बाजूला झुकलेली. अशी देखणी! चार वर्षं तुम्ही हसलात मला. या वयात, पोरी, माझा हात बसला."

दोआनच्या हातातली बाटली फरशीवर पडून फुटली.

"आणि मागे एक दार आलंय," काका म्हणाले. "मी काढलेलं नाही. पण मला कळतं ना कोण उघडतंय ते. चाळीस वर्षं मी घरी यायच्या आधी तीच दार उघडून उभी असायची."

६

ती सायकलवर मास्तरांच्या घरी काकांच्या आधीच पोहोचली. मागच्या फाटकाचं कुलूप काकांनी उघडंच ठेवलं होतं. पुढच्या खोलीतून मास्तरांच्या खोकल्याचा आवाज येत होता. पडवीत घमेल्यात पाणी, काचपेपर, आणि मधोमध लुओंग काकांची फळी.

कमळं खाली चिरडल्यासारखी एका कडेला गेली होती. बाकी सगळं दार. न्याच्या फळीवर होतं त्याहून मोठं, त्याहून उघडं.

काका धापा टाकत आले. "अगं, झालं काय तुला?"

समजावून सांगायचं तिच्या ओठांवर आलं होतं. मास्तरांना आलं, न्याला आलं, मला आलं, मी सोडलं म्हणून तुम्हाला आलं. पण काकांच्या डोळ्यांकडे बघितलं आणि तिला कळलं की ते ऐकणार नाहीत. दारापलीकडे बायको उभी आहे असं ज्याला वाटतं, तो माणूस कशाला मागे फिरेल? आणि फिरलेच, तर ते पुढे कुणाला येईल?

"ही फळी माझी आहे," ती म्हणाली.

"काय?"

"माझी आहे. मी अर्धी सोडून गेले होते. तुम्ही त्यावर कमळं गिरवलीत."

"दोआन, मी स्वतः..."

"तुमच्या हातून असं येईल का, काका? चार वर्षांत एक फूल धड आलं नाही तुम्हाला. आरशात बघा जरा."

लुओंग काकांच्या चेहऱ्यावरचा तो सगळा फुलोरा उतरत गेला, आणि ते तिला बघवेना, तरी तिने नजर वळवली नाही. वळवली असती तर त्यांना कळलं असतं.

"जळतेस तू माझ्यावर," ते शेवटी म्हणाले. "पोटच्या पोरीसारखी मानली तुला. घे. ठेव तुझी फळी."

"किल्लीही द्या."

त्यांनी किल्ली फरशीवर टाकली. फाटकापर्यंत गेले, तिथे एकदा उभे राहिले, मग त्यांची पावलं गल्लीत दूर दूर होत गेली. उभा जन्म ते आता तिचं नाव घेणार नाहीत. तिने फाटकाला आतून कुलूप घातलं आणि किल्ली विहिरीत टाकली.

दुपारचे तीन वाजले होते. पडवीत पांढरं ऊन पडलं होतं. ती फळीसमोर मांडी घालून बसली आणि तिने पाणी ओतलं.

पहिला हात मारायच्या आधी ती थांबून राहिली. तिला आई आठवली. मग मुंग्या आल्या, बोटांच्या टोकांपासून मनगटापर्यंत. ओळखीच्या. तिने घासायला सुरुवात केली.

खसर्र. आतूनही खसर्र. आता उशीर नव्हता, दोन्ही एकदम. पुढच्या खोलीतला खोकला मधेच थांबला. "कोण आहे?" मास्तर ओरडले. तिने उत्तर दिलं नाही. खाटेची करकर ऐकू आली, काठी पडल्याचा आवाज आला. काळं पाणी फळीवरून ओघळून तिच्या गुडघ्यांपाशी साचत होतं आणि दार रुंद होत होतं. कडेला टरफलाचे कण उमटले, चार, ओळीने. मग त्यांच्याखाली सांधे उमटले. मग नखं. कुणीतरी दाराची कड आतून धरली होती.

तिने काचपेपर बाजूला ठेवला. शेवटची झिलई कागदाने करत नाहीत. उघड्या तळव्याने करतात, फळी गरम होईपर्यंत.

तिने तळवा टेकवला. फळी आधीच गरम होती.

लाकडाच्या पलीकडून, बरोबर तिच्या हाताखाली, दुसरा एक तळवा हळूच येऊन टेकला. बोटाला बोट लागलं.

दोआनने हात उचलला नाही.